नाथाजी आणि दोन डुलणारी मशीनं

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेतला गुलाल कपड्यांवर पडला तर त्याला पाणी लावायचं नाही, आधी कोरडाच झटकायचा, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. ओला केला की तो रंग धरतो. शहाण्णव सालच्या डिसेंबरात मी हाच नियम एका मोटारीला लावला, आणि ती मोटार माझी नव्हती. त्या चुकीमुळे माझी नाथाजींशी ओळख झाली. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. नोकरीच्या काळात भेटलेल्या ज्या माणसांचे उपकार मानायचे राहून गेले, त्यांत नाथाजींचं नाव वरचं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

मोटार आमचे सांगलीतले शेजारी गोपाळकृष्ण यांची. आम्ही त्यांना गोपाळराव म्हणतो. चौसष्ट सालची, गडद हिरवी फियाट. त्यांचे थोरले भाऊ वाईला डॉक्टर होते, त्यांनी ती घेतली होती. भाऊ गेल्यावर ती गोपाळरावांकडे आली. बत्तीस वर्षांत तिला कोणी रंग दिला नव्हता. कारखान्यातून निघाली त्याच रंगात ती होती. टायर बदलले, गाद्या बदलल्या, पण रंगाला गोपाळरावांनी कुणाचा हात लागू दिला नाही. "हा रंग दादाने निवडलेला आहे," एवढंच ते सांगत.

त्या डिसेंबरात ते पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस वाईला गेले. निघताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "सुमंतराव, आईंना रथाला घेऊन जा. त्यांना आता एस.टी.त बसवू नका." माझ्या आईला तेव्हा त्र्याऐंशीवं चाललं होतं. सिद्धनाथ आमचं कुलदैवत, आणि तिने सहा वर्षांत रथ पाहिला नव्हता.

रथाच्या दिवशी म्हसवडात गाडी कुठे लावायची याला फारसा पर्याय नसतो. मी बाजारपेठेच्या तोंडाशी लावली. आईला दर्शन घडवून परत आलो तर गाडी गुलालाने गुलाबी झाली होती. टपावर, बॉनेटवर रथावर उधळलेल्या खोबऱ्याचे तुकडे पडले होते. विट्यामार्गे संध्याकाळी घरी पोचलो. गाडी रात्रभर छपराखाली ठेवली, वर दव पडू दिलं नाही. सकाळी ऊन लागायच्या आत मी आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला आणि तासभर गाडी कोरडी पुसली. पाण्याचा एक थेंब लागू दिला नाही. काम मनासारखं झालं असं वाटलं.

नऊ वाजता ऊन आलं आणि बॉनेटवर कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसू लागलं. माणदेशाची धूळ गुलालात मिसळली होती आणि मी ती तासभर रंगावर घोळवली होती. शिवाय दोन लांब ओरखडे होते, खोबऱ्याच्या तुकड्याखाली खडा अडकला असावा.

माझी पत्नी शकुंतला बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"काय केलंत हे?"

"पुसली."

"पुसली नाही, घासलीत."

गोपाळराव रविवारी परत यायचे होते. तो गुरुवार होता. एका पेंटरकडे गेलो, तर तो म्हणाला, "सगळी रंगवून टाकू, नवी दिसेल." तेवढंच तर करायचं नव्हतं. बावीस वर्षांचा शेजार होता, आणि त्या माणसाने जी एकच गोष्ट जपली होती ती मी लुगड्याने घासून ठेवली होती. आमच्या साखर कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर कृष्णात म्हणाला, "साहेब, मिरज रोडच्या आत नाथाजी फौजी हाय. तो रंगवायचं शेवटी सांगतो. आधी बघतो."

शुक्रवारी रजा काढून तिथे गेलो. पत्र्याची शेड, जमीन पाणी मारून ओली केलेली, धूळ उडू नये म्हणून. हत्यारं भिंतीवर, आणि प्रत्येक हत्यारामागे भिंतीवर त्याची आकृती रंगवलेली, त्यामुळे एखादं जागेवर नसलं तर लांबूनच कळावं. मी खरेदी विभागातला माणूस; ती भिंत पाहून मला बरं वाटलं. नाथाजी पन्नाशीचे, सडसडीत, खाकी हाफ पँट आणि पांढरी मिशी. विट्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या बरोबरीची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात परमुलखात गेली. यांनीही वर्षभर चुलत्याच्या दुकानात काढलं, पण तिथल्या ॲसिडचा वास सोसेना. मग फौजेत भरती झाले, आणि सतरा वर्षं वाहनांच्या वर्कशॉपमध्ये रंगकाम केलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणाची गाडी?"

"माझीच," मी म्हणालो. का म्हणालो ते आजही नीट सांगता येत नाही.

"न्हाई साहेब. आपली गाडी असती तर दार एवढं जपून लावलं नसतं तुमी."

मग सगळं सांगितलं: म्हसवड, गुलाल, लुगडं, रविवार.

"पाण्यानं धुवायची व्हती. भरपूर पाणी, आन हात न लावता. गुलाल वाहून गेला असता."

"आमच्याकडे गुलाल कोरडाच झटकतात."

"धोतरावरचा. धोतराला पॉलिश नसतं साहेब." मग ते म्हणाले, "मालकाला म्हायती हाय का?"

"नाही. ते यायच्या आत झालं तर…"

"मग मी हात लावणार न्हाई."

मला वाटलं, ते जास्त पैशांसाठी अडून बसलेत. तसं म्हणालोही. त्यांना राग आला नाही. त्यांनी एक जुना फडका घेतला, पांढऱ्या मलमासारखा थोडा पॉलिशचा मसाला त्यावर लावला, आणि दाराच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन बोटांनी चार वेळा फिरवला. मग फडका माझ्यापुढे धरला. त्यावर हिरवा डाग होता.

"ह्यो हिरवा कुठला? गाडीचा. चरे जात न्हाईत साहेब. चऱ्याच्या आजूबाजूचा रंग तासून त्याच्या बरोबर आणायचा, म्हंजे चरा दिसत न्हाई. रंग कमीच व्हतो. बत्तीस वर्सांचा रंग, किती उरलाय देवाला ठावं. किती काढायचा ते मालक सांगंल. तुमी न्हाई, मी न्हाई."

बाजूच्या एसटीडी बूथवरून मी वाईला फोन लावला. लग्नघरातला गलका ऐकू येत होता. गोपाळरावांना सगळं सांगितलं.

"रंग दिलात का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देऊ नका. रविवारी मी थेट तिथेच येतो. पत्ता सांगा."

आवाजात राग होता की नाही ते मला कळलं नाही, आणि पुढचे दोन दिवस मी तेच शोधत राहिलो.

परत येऊन नाथाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बेस झालं. आता दोन दिस हायत. तवर मशीन ठरवू."

मशीनची गोष्ट अशी. नाथाजींकडे एक जुनं गोल मशीन होतं, नुसतं गरागरा फिरणारं, बहुतेक शेडमध्ये असतं तसं. ते काम झपाट्याने करतं, पण एका जागी जरा रेंगाळलं की रंग तापतो, कडेला तर खालचा अस्तराचा थरच उघडा पडतो. शिवाय चमक आली तरी उन्हात वर्तुळं दिसतात. त्यांचा गावाकडचा मित्र दादासो कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतो. त्याने दुबईहून आलेल्या गिऱ्हाइकाकडून दोन वेगळी मशीनं मिळवून नाथाजींना आणून दिली होती. यांतली चकती फिरता फिरता डुलतेही. स्वतःभोवती फिरते आणि शिवाय लहानशा घेऱ्यात हेलकावे घेते, त्यामुळे एकाच जागी सारखा घासा बसत नाही. "दोनी वापरून बघ, एक ठेव, एक मला परत दे," असं दादासो सांगून गेला होता. त्याला तीन महिने झाले होते. मशीनं पेटीतच होती.

"डुलणाऱ्यावर माजा भरवसा न्हाई," नाथाजी म्हणाले. "आमच्या युनिटात एक डुलत यायचा, त्याला कुणी रायफल देत नव्हतं."

त्यांची पत्नी चंद्राबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तीन म्हयनं झालं, नव्या नवरीगत झाकून ठेवल्यात. रोज पेटीवरची धूळ तेवढी पुसत्यात."

"तू गप ग."

"मी गपच हाय. पेटीबी गपच हाय."

शेडमागे एका मोडीत निघालेल्या फियाटचं बॉनेट पडलं होतं, हिरवंच आणि जवळपास तितकंच जुनं. त्यावर मी आईच्या लुगड्याचा तोच तुकडा धुळीत घोळवून घासला. नाथाजींनी मला ते मुद्दाम करायला लावलं. "जसं तिकडं केलं तसंच करा. हात तुमचाच पायजे." मग कागदी चिकटपट्टीने बॉनेटचे तीन भाग केले. एक गोल मशीनला, एक जड डुलणाऱ्याला, एक हलक्या डुलणाऱ्याला. तिन्हींना मसाला तोच, मोजून तेवढाच, चकतीवर नवं कोरं पॅड, आणि घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं. मी वही काढली आणि रकाने आखले. गेली तीस वर्षं पंपापासून पोत्यांपर्यंत सगळ्याचे तुलनात्मक तक्ते मीच करत आलो होतो.

दोन डुलणाऱ्यांत काय फरक आहे ते मला कळत नव्हतं. नाथाजींनी दोन्हींच्या चकतीच्या कडेला खडूने एक रेघ मारली. हलकं मशीन चालू केलं. रेघ फिरताना दिसत होती. मग त्यांनी हाताचा भार वाढवला. रेघ मंदावली आणि थांबली. चकती नुसती थरथरत होती, फिरत नव्हती. जड मशीनवर तेवढाच भार दिला, तर रेघ फिरतच राहिली.

"हेच्यात गिअर हाय," ते म्हणाले. "तुमी दाबा, बसा वर, ते फिरणारच. हलकं मात्र दाबलं की रुसतंय."

"म्हणजे जड चांगलं."

"लिवून घ्या. चांगलं-वाईट मागनं बघू."

प्रत्येक फेरीनंतर ते हाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवत. गोल मशीनच्या भागावर हात टेकेना. जडाच्या भागावर कोमट, हलक्याच्या भागावर जवळपास थंड. मग आम्ही बॉनेट उन्हात नेऊन तिरकं धरलं. गोलाचा भाग लांबून सर्वांत चमकत होता, पण जवळ गेलं की माशाच्या खवल्यांसारखी वर्तुळं, आणि कडेला बोटभर जागी तांबडं अस्तर उघडं पडलेलं. जडाचा भाग स्वच्छ होता. हलक्याच्या भागात बारीक जाळं गेलं होतं, पण खोल चरे अजून दिसत होते.

चंद्राबाई पुन्हा आली तेव्हा तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं.

"त्यात एक घर ह्यांच्या हाताचं घाला."

"म्हणजे?"

"ह्यांना आता बशीत च्या वतायला सांगा."

हलक्या मशीनवरून नाथाजी नुकतेच उठले होते. बशी हातात धरली तर चहा हिंदकळून सांडला. हलकं मशीन थेट हातात थरथरतं, जड आपल्याच वजनाने ती थरथर बरीचशी पिऊन टाकतं. गोल मशीन ओढतं, पण मुंग्या आणत नाही. मी पाचवा रकाना आखला.

शनिवारी सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं, आकडे तेच आले. संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. कामाचा वेग, चरे जाणं, उष्णता, रंगाची बचत, हाताचा त्रास. प्रत्येकी दहापैकी गुण. गोल मशीनला पन्नासपैकी अठ्ठावीस, हलक्याला चौतीस, जडाला सदतीस. खाली दोन रेघा मारून मी ती वही नाथाजींपुढे ठेवली. "जड मशीन," मी म्हणालो. कारखान्यात असा तक्ता ठेवला की साहेब सही करतात.

नाथाजींनी चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचला.

"लय ब्येस. समदं बरोबर लिवलंय. पर बेरीज कशाला केली?"

"निर्णयासाठी."

"आवं, माज्या हाताच्या मुंग्या आन गाडीचा रंग, ह्यांची बेरीज व्हती का? मुंग्या उद्या सकाळी जात्यात. रंग उद्या परत येतो का?"

त्यांनी तिन्ही पॅडं आणून माझ्यापुढे ओळीने मांडली. गोल मशीनचं पॅड गर्द हिरवं झालं होतं. जडाचं मध्यम. हलक्याच्या पॅडवर जेमतेम हिरवी झाक होती.

"वेग, चरा, हात, हे आपल्या सोयीचं. ही पॅडं म्हंजे गाडीचं गेलं किती ते. हे एकाच पंगतीला बसवू नका. मालकाला तक्ता दाखवा, बेरीज दाखवू नका."

मी खालची ओळ खोडली. वहीत खाडाखोड करायची मला सवय नाही, म्हणून ती रेघ वाकडी आली.

रविवारी अकराच्या सुमाराला गोपाळराव बसस्थानकावरून रिक्षाने तिथे आले. लग्नातली टोपी अजून डोक्यावर होती. माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गाडीपाशी गेले. बॉनेटजवळ वाकले. तर्जनीचं नख जाळ्यावरून फिरवलं, मग दोन लांब ओरखड्यांवरून. तिथे नख अडकलं. मी सांगायला लागलो, "गोपाळराव, चूक माझी…" तर त्यांनी हाताने थांबवलं.

"हे काढायला किती रंग जाईल?" त्यांनी नाथाजींना विचारलं.

नाथाजींनी ते जुनं बॉनेट दाखवलं, तीन भाग, तीन पॅडं, आणि माझी वही. कुठलंही मशीन पुढे केलं नाही की मागे ठेवलं नाही. "जडानं समदं जाईल, दोन चरेसुदिक. दिसायला नवी. पर एवढा रंग जाईल." मधलं पॅड दाखवलं. "फुडं परत कवा असं झालं तर मग रंगवावीच लागंल. हलक्यानं जाळं जाईल, दोन चरे ऱ्हातील, बारीक व्हतील. रंग एवढाच जाईल. आन येळ लागंल, चार-पाच तास."

"तुम्ही काय कराल?"

"गाडी तुमची हाय."

गोपाळरावांनी तिसरं पॅड उचललं, अंगठ्याने त्यावरचा हिरवा चोळून पाहिला.

"चरे राहू द्या," ते म्हणाले.

नाथाजींनी आधी गाडी धुतली, बादल्यांनी, हात न लावता. मग हलकं मशीन घेतलं. साडेचार तास लागले. दर पंधरा मिनिटांनी ते मशीन बाजूला ठेवत, हात झटकत, दंडापर्यंत चोळत, आणि पुन्हा सुरू करत. भार दिला तर चकती थांबते, म्हणून सगळा वेळ मशीन वरच्यावर तोलून धरायचं. मधे एकदा मी म्हणालो, "नाथाजी, टपाला तरी जड मशीन लावा. तिथे ओरखडे नाहीत, वरून कोण बघतंय?"

"हात माजा हाय, साहेब. रंग दुसऱ्याचा."

त्यांनी मान वर न करता, काम चालू ठेवूनच हे म्हटलं. चंद्राबाई दारात उभी होती. तिने एकदाही टोमणा मारला नाही. तिने हाताला लावायला तीळतेल कोमट करून आणलं आणि जवळ ठेवलं.

मी तिथे एका स्टुलावर बसून होतो. माझ्या हातून झालेली चूक एक अनोळखी माणूस स्वतःच्या मनगटावर घेऊन पुसत होता, आणि जिला त्या चुकीची झळ सर्वांत जास्त लागली असती ती गोष्ट, आमचा शेजार, सांभाळायला त्याने मला आधी खरं बोलायला लावलं होतं. त्या शुक्रवारी त्यांनी माझं ऐकून चोरून काम करून दिलं असतं, तर गाडी कदाचित जास्त चमकली असती. पण त्यानंतर गोपाळरावांच्या घरी चहा पिताना दर वेळी मला ते आठवलं असतं.

चार वाजता त्यांनी गाडी उन्हात काढली. जाळं गेलं होतं. हिरवा रंग खोल दिसत होता, पाणी भरलेल्या विहिरीसारखा. दोन ओरखडे तिथेच होते, पण आता केसाएवढे. नाथाजींनी शेवटचं पॅड गोपाळरावांच्या हातात दिलं, किती गेलं ते पाहायला. मजुरी घेतली ती सुरुवातीला सांगितली होती तेवढीच.

पुढे कळलं की त्यांनी जड मशीन दादासोला परत पाठवलं. मी विचारलं, काम तर त्याने लवकर होतं, हाताला त्रासही कमी. ते म्हणाले, "म्हणूनच धाडलं. हाताशी असलं की तेच उचलावंसं वाटतंय." त्यानंतर तीन वर्षांत कारखान्याच्या कितीतरी गाड्या मी त्यांच्याकडे पाठवल्या. तुलनात्मक तक्ते अजूनही करतो, पण जिथे बेरीज होत नाही तिथे ती करत नाही. साहेबांनी एकदा विचारलं, बेरीज कुठे आहे. म्हटलं, रकाने वाचा. त्यांनी वाचले.

त्या रविवारी परत येताना गाडी गोपाळराव चालवत होते. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. विश्रामबागच्या चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी टोपी काढून मागच्या सीटवर ठेवली.

"आईंना रथ नीट दिसला का?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"गर्दीत धक्का वगैरे?"

"नाही. एका दुकानदाराने त्यांना ओट्यावर खुर्ची दिली. रथ अगदी समोरून गेला."

"मग सांगा ना सगळं सुरुवातीपासून," गोपाळराव म्हणाले. मी सांगायला सुरुवात केली, आणि घर आलं तरी ते गाडीतून उतरले नाहीत. रथ देवळाकडे परत फिरेपर्यंतचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.